काटोल व नागपूर–इटारसी लोहमार्ग

काटोल : महाराष्ट्र राज्याच्या नागपूर जिल्ह्यातील याच नावाच्या तालुक्याचे मुख्य ठिकाण व नगरपालिकेचे गाव. लोकसंख्या सु. ४३,००० (२०११). हे नागपूरच्या वायव्येस सु. ६० किमी. अंतरावर, वर्धा नदीची उपनदी असलेल्या जाम नदीच्या काठी वसले आहे. कापूस व संत्री यांची बाजारपेठ आणि मध्य रेल्वेच्या नागपूर–इटारसी मार्गावरील एक स्थानक म्हणून ते परिचित आहे. नागपूरला आगगाडी १८६७ मध्ये पोहोचली. काटोलला ती १९२३-२४ च्या सुमारास आली. जवळजवळ सहा दशकांचे हे अंतर आणि अखेरीस लोहमार्ग ज्या कारणासाठी आला ते कारण, या दोन गोष्टींनी या गावाच्या अर्वाचीन इतिहासाला वळण दिले. काटोलचा कापूस वाहून नेण्यासाठी हा मार्ग बांधला गेला नाही. उत्तर व दक्षिण हिंदुस्थानला जोडणाऱ्या एका महामार्गातील तुटलेला दुवा सांधण्यासाठी तो बांधला गेला आणि काटोल त्याच्या वाटेवर होते. गावाला मिळालेला लाभ आणि गावाच्या वाट्याला आलेली उपेक्षा या दोहोंचे मूळ या एका वस्तुस्थितीत आहे.

स्थान व पूर्वेतिहास : काटोलचा परिसर सातपुड्याच्या दक्षिण उतारावरील लाव्हाजन्य खडकांच्या प्रदेशात मोडतो. नदीकाठची जमीन काळी व कसदार, तर टेकड्यांलगतची मुरमाड आहे. जाम नदी पश्चिमेकडे वाहत जाऊन जलालखेड्याजवळ वर्धा नदीस मिळते. या संगमाजवळच आमनेरचा जुना किल्ला आहे. काटोल व नागपूर यांच्या दरम्यान भूमी काहीशी उंचावते आणि तेथेच वर्धा व वैनगंगा या दोन नद्यांच्या खोऱ्यांमधील जलविभाजक आहे. कळमेश्वरकडील पाणी कन्हान नदीमार्गे वैनगंगेस, तर काटोलकडील पाणी जाममार्गे वर्धेस जाते. भौगोलिक दृष्ट्या काटोल नागपूरपेक्षा वऱ्हाडाच्या अंगाला अधिक जवळचे आहे. प्रशासन व व्यापार यांनी मात्र ते नागपूरशी बांधले गेले.

महाभारताच्या अश्वमेधपर्वाशी निगडित चंद्रहास राजाच्या कथेतील कुंतलापूर म्हणजेच काटोल, अशी स्थानिक समजूत आहे. तिला ऐतिहासिक आधार नसला, तरी गावाच्या प्राचीनत्वाविषयीचा लोकांचा विश्वास तीतून व्यक्त होतो. गावातील चंडिका व सरस्वती यांची देवालये प्रसिद्ध आहेत. मध्ययुगात हा मुलूख देवगडच्या गोंड राज्यात व पुढे नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली होता. तिसरे रघूजी भोसले १८५३ मध्ये निपुत्रिक वारल्यानंतर ब्रिटिशांनी नागपूरचे राज्य खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाल्यावर नागपूर त्याची राजधानी बनले आणि काटोल हे नागपूर जिल्ह्याच्या वायव्य भागातील तहसिलीचे ठाणे म्हणून पुढे आले. १९०१ च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या सु. ७,३०० होती. जुन्या किल्ल्याचे अवशेष, एक प्राचीन दगडी देवालय आणि कापसाची भरभराटीस आलेली बाजारपेठ, ही त्या काळातील काटोलची वैशिष्ट्ये होत.

बाजूला राहिलेले गाव : मुंबई व ठाणे यांच्या दरम्यान १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झालेला ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा लोहमार्ग पुढील काळात खानदेशातून भुसावळपर्यंत आला. तेथे त्याच्या दोन शाखा झाल्या. एक शाखा ईशान्येस खांडवा व इटारसी यांवरून जबलपूरकडे गेली व १८७० मध्ये तेथे कलकत्त्याकडील लोहमार्गास मिळाली. दुसरी पूर्वेस वऱ्हाडातून बडनेरा, धामणगाव, पुलगाव व वर्धा यांवरून १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. या दुसऱ्या शाखेमागील मुख्य प्रेरणा कापसाची होती. १८६१–६५ मधील अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकाशरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाड, वर्धा व नागपूर या भागांतील कापसाला अकस्मात मोठी मागणी आली. साहजिकच लोहमार्ग कापसाच्या सपाट मुलुखातून आखण्यात आला. वर्धा नदीच्या वरच्या खोऱ्यातील डोंगराळ पट्टा आणि त्यातील काटोल हे या आखणीच्या बाहेर राहिले.

याचा परिणाम काटोलच्या व्यापारावर झाल्यावाचून राहिला नाही. येथील कापूस विक्रीसाठी दूर पाठवायचा, तर प्रथम तो रस्त्याने नागपूरला न्यावा लागे. हे अंतर ३६ मैल, म्हणजे सु. ५८ किमी. होते आणि भरलेल्या बैलगाडीला त्यासाठी दोन-तीन दिवस लागत. पावसाळ्यात काळ्या मातीतील गाडीवाटा चिखलाने बंद पडत. त्यामुळे हंगाम व वाहतूक यांचा मेळ घालणे ही शेतकरी व व्यापारी या दोघांचीही कायमची विवंचना असे. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटा यांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केल्यावर या भागातील कापसाला जवळचे मोठे गिऱ्हाईक मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून काटोल येथेही सरकी काढण्याचे व रुईच्या गाठी बांधण्याचे कारखाने उभे राहिले. दाबून बांधलेली गाठ मोकळ्या कापसापेक्षा फार कमी जागा व्यापते. रेल्वे नसलेल्या गावात असे कारखाने निघावेत, यावरून तेथील बाजाराचे महत्त्व जसे दिसते, तसेच गाडीभाड्याचा बोजा हलका करण्याची निकडही दिसून येते.

याच काळात आसपासच्या प्रदेशात लहान मार्गांचे जाळे वाढत होते. मूर्तिजापूर–यवतमाळ हा अरुंदमापी मार्ग १९०३ मध्ये व पुलगाव–आर्वी हा १९१७ मध्ये वाहतुकीस खुला झाला. दोन्हींचा हेतू कापसाच्या पेठा मुख्य लोहमार्गास जोडणे हाच होता. बंगाल-नागपूर रेल्वेचा नागपूर–छिंदवाडा अरुंदमापी मार्गही विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पुरा झाला. परंतु तो सावनेरवरून, म्हणजे काटोलच्या पूर्वेकडून गेला. कापसाचे मोठे केंद्र असूनही काटोलच्या वाट्याला असा पूरक मार्ग आला नाही.

दोन तुटके दुवे : विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानच्या रेल्वे-नकाशात एक ठळक उणीव होती. उत्तरेकडे इटारसी–भोपाळ मार्ग १८८४ मध्ये सुरू झाला होता. पुढे तो झांशी व आग्र्याकडे वाढला आणि १९०४ पर्यंत दिल्लीपासून इटारसीपर्यंत सरळ मार्ग सिद्ध झाला. दक्षिणेकडे मद्रासहून बेझवाड्यावरून (सध्याचे विजयवाडा) निजामाच्या राज्यातील काझीपेठपर्यंत लोहमार्ग होते. मध्यभागी नागपूर व वर्ध्याहून चांदा जिल्ह्यातील कोळशाच्या प्रदेशाकडे मार्ग गेला होता. तथापि हे तिन्ही तुकडे एकमेकांना जोडलेले नव्हते. इटारसी–नागपूर आणि बल्लारशा–काझीपेठ असे दोन दुवे तुटलेले होते.

पहिल्या तुटीचा अर्थ अंतरांवरून स्पष्ट होतो. नागपूरहून उत्तरेस जाऊ पाहणाऱ्यास प्रथम पश्चिमेस भुसावळपर्यंत व तेथून पुन्हा ईशान्येस इटारसीपर्यंत जावे लागे. हा वळसा सु. ७०० किमी. होता; उलट नागपूर व इटारसी यांमधील सरळ लोहमार्ग सु. ३०० किमी. भरतो. दर फेरीस सु. ४०० किमी. वाचविण्याची ही बाब केवळ उतारूंच्या सोयीची नव्हती. मध्य प्रांताची राजधानी नागपूर असून बैतूल, होशंगाबाद, सागर, जबलपूर हे त्याचे उत्तरेकडील जिल्हे सातपुड्यात व त्यापलीकडे होते. प्रांताच्या राजधानीचा स्वतःच्या उत्तर भागाशी सरळ लोहमार्ग नसणे ही शासनाच्या दृष्टीनेही मोठी अडचण होती. शिवाय बैतूलच्या जंगलातील सागवान आणि पेंच व कन्हान खोऱ्यांतील दगडी कोळसा यांना दक्षिणेकडे वाट हवी होती. इटारसी–नागपूर मार्ग आखण्यात आला, त्यामागे ही सर्व कारणे होती. यांत काटोलच्या कापसाचा विचार असलाच, तर तो दुय्यम होता.

मार्गाची बांधणी : नागपूर–इटारसी रुंदमापी मार्ग ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने बांधला व तो १९२३-२४ मध्ये वाहतुकीस खुला झाला. कंपनीच्या व्यवस्थेखालील हा अखेरचा काळ होता. १९२५ मध्ये या रेल्वेचे व्यवस्थापन सरकारने आपल्याकडे घेतले. नागपूर स्थानकाच्या सध्याच्या इमारतीचे उद्‌घाटनही याच सुमारास, १५ जानेवारी १९२५ रोजी, मध्य प्रांताचे गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांच्या हस्ते झाले. पूर्वेस हावडा, पश्चिमेस मुंबई व उत्तरेस दिल्ली अशा दिशांचे मार्ग नागपूरला एकत्र आले ते नव्या मार्गामुळेच.

नागपूर समुद्रसपाटीपासून सु. ३१० मी. उंचीवर आहे. तेथून निघालेला मार्ग गोधनी, कळमेश्वर, कोहळी, सोनखांब व मेटपांजरा या स्थानकांवरून जलविभाजक ओलांडून काटोलला येतो. पुढे कळंभा, नरखेड व पांढुर्णा यांवरून तो सातपुड्याच्या पायथ्याशी पोहोचतो. तिगाव व चिचोंडा यांच्या दरम्यानचा घाट चढून तो मुलताईच्या सु. ७५० मी. उंचीच्या पठारावर जातो. मुलताई हे तापी नदीचे उगमस्थान होय. वर्धा नदीही याच परिसरात उगम पावते. त्यानंतर आमला व बैतूल ही स्थानके लागतात आणि मरामझिरी व धाराखोह यांमधील अवघड घाट उतरून मार्ग तवा नदीच्या खोऱ्यातून इटारसीस, म्हणजे नर्मदेच्या मैदानात येतो. अशा रीतीने ३०० किमी. च्या आत हा मार्ग गोदावरी, तापी व नर्मदा या तीन मोठ्या नद्यांच्या खोऱ्यांतून जातो. घाटांतील चढांवर जड गाड्यांना मागून रेटण्यासाठी जादा इंजिन जोडावे लागे. आमला येथून परासियाकडे गेलेल्या फाट्याने कोळशाचे क्षेत्र या मार्गास जोडले गेले. बैतूल जिल्ह्याच्या मध्यभागी आगगाडी प्रथम पोहोचली ती याच मार्गाने.

दुसरा दुवा निजामाच्या राज्यातून जाणारा होता. बल्लारशा–काझीपेठ मार्ग १९२९ मध्ये पूर्ण झाला आणि दिल्ली व मद्रास ही शहरे मध्य हिंदुस्थानातून थेट जोडली गेली. त्याच वर्षी सुरू झालेली ग्रँड ट्रंक एक्सप्रेस प्रारंभी वायव्येकडील पेशावरपासून पश्चिम किनाऱ्यावरील मंगळूरपर्यंत जात असे. पुढे ती दिल्ली व मद्रास यांच्या दरम्यान धावू लागली. १९२४ मध्ये प्रांताच्या एका जिल्ह्यातील मार्गावरचे स्थानक असलेले काटोल अवघ्या पाच वर्षांत देशाच्या एका प्रमुख मार्गावरील स्थानक झाले. गावाने त्यासाठी काही केले नव्हते. त्याचे स्थानच निर्णायक ठरले.

कापूस व संत्री : लोहमार्गामुळे काटोलच्या कापसाची बैलगाडीची वाट तुटली. गाठी स्थानकावरच मालडब्यात भरता येऊ लागल्या. सरकी व इतर शेतमाल यांनाही दूरचे बाजार खुले झाले. याहून दूरगामी परिणाम मात्र संत्र्यांच्या बाबतीत घडून आला. नागपूर भागात संत्र्याची लागवड दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली, असे सामान्यतः मानले जाते. दीर्घकाळ हे फळ बागांपुरते व जवळच्या शहरांपुरते मर्यादित राहिले. कारण उघड आहे. कापूस महिनोन्‌महिने साठवता येतो. संत्रे तोडल्यापासून थोड्या दिवसांतच सुकू किंवा कुजू लागते. बैलगाडीने दोन-तीन दिवस प्रवास करून ज्या फळाचे आयुष्य निम्मे संपते, त्याचा दूरचा व्यापार उभा राहू शकत नाही.

काटोल, नरखेड व शेजारचे वरुड-मोर्शी येथील जमीन या पिकास मानवते. पाण्याचा चांगला निचरा होणारी मध्यम काळी जमीन, विहिरींचे पाणी आणि हिवाळ्यातील बेताची थंडी या त्याच्या गरजा येथे भागतात. जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधून कलमे तयार करण्याची पद्धत येथे रूढ आहे. झाडाला वर्षातून दोन बहार येतात. हिवाळ्याच्या अखेरीस फुलणाऱ्या आंबिया बहाराची फळे साधारणतः ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, तर पावसाळ्याच्या प्रारंभी फुलणाऱ्या मृग बहाराची फळे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काढणीस येतात. मृग बहार उत्तर हिंदुस्थानात ऊन वाढू लागते त्या दिवसांत बाजारात येत असल्याने त्याला तेथे विशेष मागणी असते. नागपूर–इटारसी मार्गाने दिल्ली व उत्तरेकडील शहरे या बागांच्या टप्प्यात आली. गवताच्या थरात रचलेल्या संत्र्यांच्या बांबूच्या करंड्या स्थानकावर येऊ लागल्या आणि फळबाग हा हौसेचा विषय न राहता उत्पन्नाचे मुख्य साधन बनला.

या व्यापाराने गावाच्या समाजजीवनातही फरक पडला. कापसाचे पीक एका वर्षाचे, तर संत्र्याची बाग पाच-सहा वर्षे जोपासल्यावर फळ देऊ लागते. त्यामुळे भांडवल, विहीर व धीर या तिन्ही गोष्टी ज्यांच्यापाशी होत्या, तेच प्रथम या पिकाकडे वळले. बाग झाडावरच व्यापाऱ्याला विकण्याची प्रथा रूढ झाली. तीत शेतकऱ्याची तोडणी व वाहतूक यांची जबाबदारी टळते, परंतु दूरच्या बाजारातील चढत्या भावाचा लाभही मुख्यतः व्यापाऱ्याकडे जातो. कोळशी, डिंक्या यांसारखे रोग आणि खोल जाणारी भूजलाची पातळी यांमुळे बागा वाळून जाण्याचे प्रसंग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वारंवार आले. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे काटोल येथील प्रादेशिक फळ संशोधन केंद्र आणि नागपूर येथील लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था यांच्या कार्याला या पार्श्वभूमीवर महत्त्व आहे.

सीमा व प्रशासन : स्वातंत्र्यानंतर रेल्वेच्या पुनर्रचनेत ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वे अस्तित्वात आली व हा मार्ग तिच्याकडे आला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि नागपूरचे राजधानीपद संपले. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. त्यामुळे जो लोहमार्ग एका प्रांताच्या राजधानीला त्याच्या उत्तर जिल्ह्यांशी जोडण्यासाठी आखला गेला होता, तो दोन राज्यांना जोडणारा मार्ग झाला. नरखेड व पांढुर्णा ही लागोपाठची महत्त्वाची स्थानके आता वेगवेगळ्या राज्यांत आहेत. पांढुर्णा, मुलताई व बैतूल या परिसरात मराठी भाषकांची वस्ती मोठी असून नागपूरशी त्यांचे शिक्षण, उपचार, व्यापार व नातेसंबंध या निमित्ताने येणे-जाणे चालू असते. काटोल हे या सीमावर्ती मराठी पट्ट्याच्या वाटेवरील गाव होय. शासकीय सीमेने तोडलेला हा प्रदेश सवारी गाड्यांनी बऱ्याच अंशी जोडून ठेवला.

वेग व थांबा : मूळचा मार्ग एकेरी होता. एकेरी मार्गावर समोरासमोरून येणाऱ्या गाड्या स्थानकातच एकमेकींना वाट देऊ शकतात. त्यामुळे ठरावीक अंतरावर स्थानके उभारणे अपरिहार्य होते. वाफेच्या इंजिनाला पाणीही लागे. मेटपांजरा किंवा कळंभा यांसारख्या लहान स्थानकांचे अस्तित्व जवळच्या खेड्यांच्या लोकसंख्येइतकेच या तांत्रिक गरजांवर अवलंबून होते. थांबणे ही गाडीचीच गरज असल्याने गावांनाही आपोआप थांबा मिळे.

पुढील काळात मार्ग टप्प्याटप्प्याने दुहेरी झाला, वाफेच्या इंजिनांची जागा डिझेल इंजिनांनी घेतली आणि १९८८–९१ या काळात नागपूर–इटारसी भागाचे विद्युतीकरण झाले. यामुळे मार्गाची क्षमता व वेग वाढला. त्याबरोबर वाटेवर थांबण्याची तांत्रिक गरजही संपत गेली. १९७६ मध्ये सुरू झालेली दिल्ली–मद्रास तामिळनाडू एक्सप्रेस ही लांब पल्ल्याच्या व मोजके थांबे असलेल्या नव्या प्रकारच्या गाड्यांपैकी एक. त्यानंतर दक्षिणेकडील राजधान्यांना दिल्लीशी जोडणाऱ्या अनेक गाड्या या मार्गावर आल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंदूर–भोपाळ वंदे भारत गाडी नागपूरपर्यंत वाढविण्यात आली. तीही काटोलला न थांबता जाते. मार्गावरील गाड्यांची संख्या वाढत असता गावाच्या वाट्याला येणारे थांबे मोजकेच राहिले. एवढेच नव्हे, तर जलद गाड्यांना वाट देण्यासाठी सवारी गाड्यांना लहान स्थानकांवर खोळंबावे लागते, हा या मार्गावरील नित्याचा अनुभव आहे. मार्च २०२० मध्ये साथीमुळे देशभरातील उतारू गाड्या बंद करण्यात आल्या. त्या पुन्हा सुरू होताना लांब पल्ल्याच्या गाड्यांना अग्रक्रम मिळाला आणि ग्रामीण स्थानकांवरील सवारी गाड्या व थांबे सावकाश परत आले. रोज नागपूरला शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा रुग्णालयात जाणाऱ्यांच्या दृष्टीने थांबा हा किरकोळ प्रश्न नसतो. नागपूरला पोहोचण्याचे त्यांचे सर्वांत स्वस्त साधन त्यावर अवलंबून असते.

रस्त्याची स्पर्धा : संत्र्याच्या वाहतुकीत रेल्वेचे स्थान विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मालमोटारींनी घेतले. मालमोटार थेट बागेच्या बांधापर्यंत येते. करंड्या बागेतून स्थानकावर, स्थानकावरून डब्यात व पुन्हा बाजारात अशी वारंवार चढ-उतार करावी लागत नाही. प्रत्येक हाताळणीत फळाला इजा होत असल्याने हा फरक निर्णायक ठरला. नागपूर–काटोल–जलालखेडा–वरुड रस्ता आणि तालुक्यातील कोंढाळीवरून जाणारा नागपूर–अमरावती महामार्ग यांमुळे रस्त्याची वाहतूक सुलभ झाली. रेल्वेने हा व्यापार पुन्हा मिळविण्याचा प्रयत्न केला नाही असे नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये नागपूर भागातील संत्री दिल्लीकडे नेण्यासाठी किसान रेल सोडण्यात आली. तथापि बागेतून उचललेला माल ठरावीक वेळी स्थानकावर पोहोचविणे व अल्प वेळात तो भरणे यांसाठी लागणारी व्यवस्था प्रत्येक लहान स्थानकावर उपलब्ध नसते.

नरखेडचा फाटा : या परिसरात आणखी एक बदल नवीन अमरावती–नरखेड मार्गामुळे झाला. सु. १३८ किमी. लांबीचा हा मार्ग १९९३-९४ मध्ये मंजूर झाला व २०१२ मध्ये वाहतुकीस खुला झाला. चांदूर बाजार, मोर्शी व वरुड या संत्र्याच्या मुलुखातून जाऊन तो नरखेडला मुख्य मार्गास मिळतो. वरुडच्या स्थानकाला ‘वरुड ऑरेंज सिटी’ असे नाव देण्यात आले, यावरून त्याच्या आर्थिक पार्श्वभूमीची कल्पना येते. पूर्वी काटोल तालुक्यातच मोडणारे व नंतर स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण झालेले नरखेड या मार्गामुळे प्रस्थानक बनले. वऱ्हाडाच्या संत्रापट्ट्याला उत्तरेकडील सरळ वाट मिळाली, पण मार्गांच्या संगमाचा लाभ काटोलपासून सु. २५ किमी. उत्तरेस गेला.

सद्यःस्थिती व मूल्यमापन : वाढत्या मालवाहतुकीमुळे नागपूर–इटारसी दरम्यान तिसरा मार्ग टाकण्यास २०१६ मध्ये केंद्र सरकारने मान्यता दिली. त्याची लांबी सु. २८० किमी. आहे. जुलै २०२५ मध्ये चौथ्या मार्गासही मंजुरी मिळाली. अमृत भारत स्थानक योजनेत काटोल, नरखेड व गोधनी या स्थानकांचा समावेश आहे. मालगाड्यांसाठी स्वतंत्र मार्ग उपलब्ध झाल्यास सवारी गाड्यांचा खोळंबा कमी होण्याची शक्यता आहे. मात्र अधिक मार्ग म्हणजे अधिक थांबे, असा अर्थ आपोआप निघत नाही, हे या मार्गाच्या दुहेरीकरणानंतरच्या इतिहासावरून दिसते.

विदर्भातील इतर मार्गांशी तुलना केल्यास काटोलच्या इतिहासाचे वैशिष्ट्य स्पष्ट होते. पुलगाव–आर्वी व मूर्तिजापूर–यवतमाळ हे मार्ग त्या त्या गावांच्या कापसासाठीच बांधले गेले. कापसाचा व्यापार रस्त्यावर गेला, तेव्हा त्यांचे प्रयोजन संपले. पहिल्यावरील गाडी विसाव्या शतकाच्या अखेरीस बंद पडली; दुसऱ्यावरील गाडीही एकविसाव्या शतकात धावेनाशी झाली. काटोलचा मार्ग गावासाठी बांधला गेला नव्हता, म्हणूनच गावाचा कापूस व संत्री मालमोटारीने जाऊ लागल्यावरही तो टिकला व वाढला. गावाच्या गरजेवर आधारलेला मार्ग गरजेबरोबर संपला. देशाच्या गरजेवर आधारलेला मार्ग राहिला, पण त्यावरील गाड्यांचे वेळापत्रक गावाच्या गरजेने ठरत नाही.

काटोलला मार्ग १८६७ ऐवजी १९२४ मध्ये मिळाला, हा उशीर भरून निघाला. बैलगाडीच्या तीन दिवसांच्या वाटेचे दीड-दोन तासांत रूपांतर झाले, नाशवंत फळाला दिल्लीचा बाजार मिळाला व सीमेपलीकडील मराठी वस्तीशी संबंध टिकला. या लाभांपैकी संत्र्याची वाहतूक पुढे रस्त्याकडे गेली. माणसांची वाहतूक मात्र अजूनही मोठ्या प्रमाणात रेल्वेवर आहे. काटोलच्या स्थानकाचे भवितव्य म्हणूनच रुळांच्या संख्येपेक्षा, उत्तर व दक्षिण भारताला जोडणाऱ्या या मार्गाच्या आखणीत वाटेवरच्या गावांचा प्रवास कितपत गणला जातो, यावर अवलंबून आहे.